जंतू आणि शरीर, दोन रकान्यांत: रोगजंतुशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

दरवर्षी नवी तुकडी वर्गात आली की पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, “मॅडम, मेडिकल मायक्रो आधी करू की इम्युनो?” प्रश्न रास्त आहे. पेपर दोन, पुस्तकं दोन, बहुतेक ठिकाणी शिकवणारेही दोघे. मग एका पेपरासाठी जंतूंच्या याद्या पाठ होतात, दुसऱ्यासाठी पेशींच्या. गुणही चांगले पडतात. तोंडी परीक्षेत मी मात्र एक साधा प्रश्न विचारते: क्षयरोगात फुप्फुसाला पोकळी पडते, ती कोण पाडतं? याद्या तोंडपाठ असलेली मुलंही इथे अडतात, कारण उत्तर त्या दोन पुस्तकांच्या मधे कुठेतरी आहे.

हा लेख त्या मधल्या जागेसाठी लिहिते आहे. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, डीएमएलटी, नर्सिंग, एमबीबीएसचं दुसरं वर्ष, यांपैकी कुठेही असाल तर उपयोग होईल. शाळेतलं जीवशास्त्र आठवत असेल तेवढं पुरे.

या शास्त्राच्या दोन्ही बाजू पुढे आल्या त्या एकाच वर्षी. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली पाहिली. बाहेरून आलेल्याला घेरून गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात, ही कल्पना तिथून निघाली. एकाने हल्ला करणारा पाहिला, दुसऱ्याने अडवणारा. आपण दोघांना एकाच पानावर आणू.

पहिली पायरी: वही आखा

शंभर पानी साधी वही घ्या. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे ‘जंतू काय करतो’, उजवीकडे ‘शरीर काय करतं’. समासात वेळ लिहायची: मिनिटं, तास, दिवस, आठवडे. समास रिकामा ठेवू नका. या विषयातला अर्धा गोंधळ वेळ न लिहिल्यामुळे होतो. प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांत पोचतात, हे एकदा समासात दिसलं की पुन्हा विसरत नाही.

एका जंतूला तीन-चार पानं लागतात. त्याला पाच प्रश्न विचारायचे. शिरतो कुठून आणि आजार व्हायला किती जंतू लागतात? आत आल्यावर धुऊन निघून जाऊ नये म्हणून कशाला धरून राहतो? वाढतो कुठे, पेशीच्या आत की बाहेर? नुकसान नेमकं कशाने होतं? आणि पुढच्या माणसाकडे जायला बाहेर कसा पडतो? शेवटचा प्रश्न मुलं नेहमी गाळतात. पण जंतूच्या बाजूने बघितलं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याला खोकला येतो, जुलाब होतात, ते पुष्कळदा जंतूचं बाहेर पडण्याचं वाहन असतं.

नियम एकच: डावीकडे एक ओळ लिहिली की उजवीकडे तिचं उत्तर लिहायचं. उत्तर माहीत नसेल तर ओळ रिकामी ठेवा आणि शेजारी प्रश्नचिन्ह करा. ती प्रश्नचिन्हं घेऊन शिक्षकांकडे जा. “इम्युनिटी समजत नाही” असं सांगणाऱ्या मुलाला मदत करणं अवघड असतं. “इथे मॅक्रोफेजने (जंतू गिळणाऱ्या पेशीने) गिळल्यावर जंतू मरत का नाही” असं विचारणाऱ्याला पाच मिनिटांत समजावता येतं.

दुसरी पायरी: सुरुवात कॉलऱ्यापासून

पहिला जंतू म्हणून मी कॉलरा देते. त्याची गोष्ट सरळ आहे आणि प्रत्येक पाऊल माहीत आहे.

शिरतो तोंडावाटे, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून. किती लागतात? अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की पोटातलं आम्ल शाबूत असताना आजार व्हायला दहा कोटी किंवा त्याहूनही जास्त जीवाणू लागतात. तेच सोडा देऊन आम्ल मारलं की दहा हजार ते दहा लाखांत काम होतं. म्हणजे उजव्या रकान्यातली पहिली नोंद कुठल्याही पेशीची नाही. ती जठरातल्या आम्लाची आहे. त्वचा, आम्ल, शेंबूड, अश्रू, आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले जीवाणू, या सगळ्यांना उजव्या रकान्यात हक्काची जागा द्या. याउलट शिगेला या आमांशाच्या जंतूचे शंभरेक जीवाणूही पुरतात, कारण त्याला आम्ल सोसतं. एवढ्या एका फरकावरून कॉलरा मुख्यतः पाण्यातून का पसरतो आणि आमांश नुसत्या हातावरूनही का पसरतो, ते कळतं.

लहान आतड्यात पोचलेला व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याचा जीवाणू, शेपटीच्या जोरावर चिकट थरातून पोहत जातो आणि केसासारख्या तंतूंनी अस्तराला धरतो. पेशीत शिरत नाही. तिथे बसून विष सोडतो. या विषाचे दोन भाग असतात. पाच तुकड्यांचं एक कडं पेशीला चिकटतं आणि एक तुकडा आत जाऊन काम करतो. तो पेशीतली एक कळ कायमची दाबून ठेवतो. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइड बाहेर पडू लागतं, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी. तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. भाताच्या पेजेसारखे जुलाब म्हणतात ते हे.

आता नीट बघा. इतकं होऊनही आतड्याचं अस्तर जवळजवळ धड असतं. जखम नाही, पू नाही, ताप बहुधा नाही. नुकसान पूर्णपणे डाव्या रकान्यातून आलं आहे. अस्तर धड असल्यामुळेच उपचार इतका साधा आहे. ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषून घेणारी वाट विषाने बंद पडत नाही, म्हणून साखर-मीठ-पाणी तोंडाने दिलं तरी आत जातं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. रोग कसा होतो हे नीट कळलं की काय करता येतं, ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उजव्या रकान्यात पुढे येतात आतड्याच्या पृष्ठभागावर सोडली जाणारी आयजीए प्रतिपिंडं. ती जीवाणूला अस्तराला चिकटू देत नाहीत. ही प्रतिपिंडं मुख्यतः जीवाणूच्या बाहेरच्या शर्करायुक्त आवरणाविरुद्ध असतात. हे आवरण बदललं तर? १९९२ मध्ये चेन्नईत तसंच झालं. ओ१३९ नावाचा नवा प्रकार आला आणि जुन्या ओ१ प्रकाराला सरावलेली मोठी माणसंही आजारी पडली. प्रतिकारशक्ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते, ती नेमक्या कशाविरुद्ध आहे ते विचारायचं असतं.

तिसरी पायरी: ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय

व्हिब्रिओचं विष आहे, हे आपण एका वाक्यात लिहिलं. ते सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षं गेली. कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला आणि तो विष सोडत असावा असा तर्कही केला. पण ते विष दाखवता येईना. प्रयोगात प्राण्यांना शिरेतून नाहीतर पोटाच्या पोकळीत जीवाणू टोचत, प्राणी मरत, पण जुलाब होत नसत.

कलकत्त्यातच शंभूनाथ डे यांनी प्रश्न बदलला. रोग आतड्यात होतो, तर प्रयोग आतड्यातच करायला हवा. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा थोडा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद तुकड्यात जीवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. हे १९५३ सालचं. मग १९५९ मध्ये त्यांनी जीवाणू गाळून काढले आणि नुसता गाळलेला द्रव आत सोडला. तरीही आतडं फुगलं. जिवंत जीवाणूची गरज नाही, त्याने सोडलेला पदार्थ पुरे, हे ठरलं. साधने म्हणाल तर ससा, दोरा, गाळणी. डे यांना देशात हयातीत जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, म्हणून मी प्रत्येक तुकडीला हा प्रयोग फळ्यावर काढून शिकवते.

तुम्हीही वहीतल्या प्रत्येक मोठ्या विधानाशेजारी ‘कशावरून’ म्हणून एक ओळ लिहा. कॉख यांच्या नावाच्या अटी तुम्ही शिकाल: जंतू प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे, बाहेर शुद्ध वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच आजार झाला पाहिजे आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळाला पाहिजे. पाठ करा, पण त्या कुठे मोडतात तेही लिहा. कुष्ठरोगाचा जीवाणू आजही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. कॉलऱ्याचे जीवाणू निरोगी दिसणाऱ्या माणसातही सापडतात. पुढे १९८८ मध्ये स्टॅनली फाल्को यांनी हाच विचार जीनला लावला: एखादा जीन काढला तर रोग करण्याची ताकद गेली पाहिजे आणि परत घातला तर परत आली पाहिजे. आजचं बरंचसं संशोधन या चौकटीत चालतं.

चौथी पायरी: क्षयरोग, आठवड्यांच्या हिशेबात

कॉलऱ्याचं पान तासांत संपतं. क्षयाचं पान वर्षानुवर्षं चालतं. हा जंतू घाईघाईत करू नका, दोन आठवडे द्या.

सुरुवात होते हवेत तरंगणाऱ्या कणांपासून. रुग्ण खोकला की उडालेले मोठे थेंब खाली पडतात. वाळून १ ते ५ मायक्रॉनचे झालेले कण हवेत राहतात. ते एवढे बारीक असतात की नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट थर चुकवून थेट वायुकोशापर्यंत पोचतात. तिथे पहाऱ्यावर मॅक्रोफेज असतो. तो जीवाणू गिळतो.

इथपर्यंत उजवा रकाना जिंकतोय असं वाटतं. पण क्षयाच्या जीवाणूला नेमकं तिथेच जायचं असतं. गिळलेल्या जंतूभोवती जी पिशवी तयार होते ती एरवी पचनरसाच्या पिशवीशी, म्हणजे लायसोसोमशी, जोडली जाते आणि जंतू मरतो. हा जीवाणू ती जोडणी अडवतो. त्याचं मायकोलिक आम्लाचं मेणचट आवरण त्याला जपतं. त्याची ईएसएक्स-१ ही यंत्रणा पिशवीच्या पडद्याला भोकं पाडायला मदत करते. बीसीजी लशीच्या जीवाणूत या यंत्रणेचा जीन-तुकडा गळालेला आहे, आणि ती लस निरुपद्रवी असण्याचं ते एक मोठं कारण आहे.

समासात लिहा: एकाचे दोन व्हायला ई. कोलायला वीसेक मिनिटं, क्षयाच्या जीवाणूला पंधरा ते वीस तास. हा संथपणा त्याच्या पथ्यावर पडतो. धोक्याची खबर डेंड्रायटिक पेशींमार्फत लसीकाग्रंथीत पोचायलाच उशीर होतो. तिथे योग्य टी-पेशी, म्हणजे नेमका जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, निवडल्या जातात, वाढतात, फुप्फुसात परत येतात. माणसात माँटू ही क्षयाच्या संसर्गाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला संसर्गानंतर दोन ते आठ आठवडे लागतात ते यामुळे. (माँटू बघायला मिळाली तर ४८ ते ७२ तासांनी बोटाने चाचपून घट्टपणा मोजा. लाली मोजायची नसते. ही चूक नव्यांच्या हातून फार होते. बॉलपेन बाहेरून आत हलकं सरकवा, जिथे अडेल तिथे खूण करा, दोन्ही बाजूंच्या खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा.)

टी-पेशी येतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात. तो मॅक्रोफेजला चेतवतो, मग अडवलेली जोडणी पुष्कळ ठिकाणी पुन्हा सुरू होते. जे जीवाणू मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशींचं कडं तयार होतं. मधे मॅक्रोफेज आणि त्यांच्या एकत्र येण्याने झालेल्या मोठ्या पेशी, बाहेर लिम्फोसाइट. हीच ग्रॅन्युलोमा. तिच्या मध्यभागी ऊती मरून पनीरासारख्या होतात.

बहुतेकांच्या शरीरात गोष्ट इथेच थांबते. जीवाणू आहेत, आजार नाही. संसर्ग आणि रोग या दोन शब्दांतला फरक इथे पक्का करा, कारण पुढे सगळीकडे लागेल. क्षयाचा संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. एचआयव्हीने सीडी४ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) घटल्या आणि उपचार नसले, तर तोच धोका दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास जातो. संधिवातासाठी टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवणारी औषधं आली तेव्हाही दबलेला क्षय उफाळून आलेला दिसला. कडं कोण टिकवतं, याचे हे दोन पुरावे ‘कशावरून’च्या ओळीत लिहा.

आता पोकळीचा प्रश्न. मध्यभागचा पनीरासारखा भाग पातळ होतो, श्वासनलिकेत फुटतो आणि रिकामी जागा उरते. तिथे प्राणवायू भरपूर मिळतो, जीवाणू झपाट्याने वाढतात, खोकल्याबरोबर बाहेर जातात. क्षयाच्या जीवाणूकडे कॉलऱ्यासारखं आतडं उलटवणारं विष नाही. पोकळी पाडणारी पाचक द्रव्यं बहुतांशी आपल्याच पेशींतून येतात. मला हे मुलांना पटवायला सगळ्यात उपयोगी पडतं ते एक निरीक्षण: एचआयव्हीच्या पुढच्या अवस्थेत, जेव्हा प्रतिकार फार क्षीण झालेला असतो, तेव्हा फुप्फुसात पोकळ्या कमी दिसतात आणि बेडक्याच्या तपासणीतही जीवाणू कमी सापडतात. रुग्ण मात्र जास्त आजारी असतो, जीवाणू शरीरभर पसरलेले असतात. पोकळी पाडायलाही धडधाकट प्रतिकार लागतो.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने बांधलेली भिंत, असं पुस्तकांत अनेक वर्षं लिहिलं जात होतं. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशच्या पारदर्शक अळ्यांमध्ये क्षयाच्या भावकीतला जीवाणू सोडून प्रत्यक्ष पाहिलं. नव्याने येणारे मॅक्रोफेज मेलेल्या मॅक्रोफेजना गिळतात, त्यांच्याबरोबर जीवाणूही आत घेतात आणि सुरुवातीच्या काळात तीच गाठ जीवाणूंना पसरायला मदत करते. पुढे याच कामातून दिसलं की टीएनएफ कमी पडला तरी घात आणि जास्त झाला तरी घात. मेचनिकॉफ यांचा तारामासा आणि हा मासा, दोघांच्याही अळ्या पारदर्शक. आत काय चाललंय ते डोळ्यांनी पाहायचं, ही ओढ तीच आहे.

पाचवी पायरी: हात आणि डोळे

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मी मुलकोवालची गोष्ट सांगते. वाल्देमार हाफकिन यांनी १८९६च्या मुंबईच्या प्लेगात तीन महिन्यांत लस बनवली, मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांना लोंबणारे जीवाणू वाढवले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं काम थांबलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे नंतर पुढे आलं. हाफकिन निर्दोष ठरायला काही वर्षं जावी लागली. खाली पडलेली लूप (जंतू उचलायची तार) उचलून तशीच वापरायचा मोह होईल तेव्हा हे आठवावं, एवढ्यासाठी सांगते.

कॉलेजात क्षयाचा जीवाणू वाढवायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्याला बीएसएल-३ दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. झील-नील्सन रंजन, म्हणजे क्षयाचे जीवाणू लाल दिसावेत म्हणून रंगवायची पद्धत, शिकायला आधीच स्थिर केलेल्या स्लाइड मिळतात, किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच्या भावकीतला मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस वापरता येतो. तो तीन-चार दिवसांत वाढतो आणि पुण्यातल्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या संग्रहांकडून असे जंतू मागवता येतात. रंजनात कार्बोल फुक्सिन वाफ येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, पाच मिनिटं थांबा. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने रंग काढा, शेवटी मेथिलीन ब्ल्यू. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की मायकोलिक आम्लाचं आवरण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. रंग आत गेला आणि आम्लानेही निघाला नाही, हा त्याचाच गुण. पुढे रुग्णालयात काम केलंत तर नमुना घेताना सांगायचं वाक्य आत्ताच लक्षात ठेवा: थुंकी नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा.

उजव्या रकान्यासाठी रक्ताची फिल्म. प्रशिक्षित माणसाने काढलेला थेंब, दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरून एका झटक्यात ओढायची. लिशमन रंग टाकून दोन मिनिटं, मग त्यावर दुप्पट बफर, सात ते दहा मिनिटं. स्लाइड सगळी निळसर दिसली तर बहुधा बफरऐवजी नळाचं पाणी वापरलंय. पीएच ६.८ हवा. शंभर पांढऱ्या पेशी मोजा. एकदा नव्हे, वेगवेगळ्या दहा स्लाइडवर. पहिल्या तीन स्लाइडला मोनोसाइट आणि मोठा लिम्फोसाइट यांत गल्लत होते, पाचव्यापासून हात बसतो.

आणि एक प्रयोग जो बघून मुलं हमखास आनंदाने ओरडतात. बेकरीचं यीस्ट उकळून मारा, धुवा, गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेल्या ताज्या रक्तात थोडंसं मिसळा, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि फिल्म काढून रंगवा. न्यूट्रोफिलच्या पोटात यीस्टचे गोळे दिसतात. मेचनिकॉफ यांनी पाहिलं ते तुमच्या टेबलावर. जमलं तर पुढची पायरी करा: पांढऱ्या पेशी धुऊन घ्या, एका नळीत साधं सिरम, दुसरीत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. तापवलेल्यात कॉम्प्लिमेंट (गिळायला मदत करणारी सिरममधली प्रथिनं) निकामी होतं, म्हणून गिळलेलं यीस्ट कमी भरतं. दोन्हीकडच्या शंभर पेशी मोजून वहीत लिहा. हातमोजे घाला. रक्त लागलेलं सगळं शिक्षक सांगतील त्या रंगाच्या पिशवीत गेलं पाहिजे, वॉश बेसिनमध्ये काही नाही.

सहावी पायरी: घरातले रिपोर्ट वाचा

प्रत्येक घरात कपाटाच्या खणात जुने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंगीचे रिपोर्ट असतात. परवानगी घेऊन ते काढा. निदान करायला नव्हे, ते डॉक्टरांचं काम. उजवा रकाना आकड्यांत कसा दिसतो ते शिकायला.

पहिली चूक टक्केवारीची. समजा एकूण पांढऱ्या पेशी २,५०० आणि लिम्फोसाइट ६० टक्के. नवखा लगेच म्हणतो लिम्फोसाइट वाढलेत. गुणाकार करा: १,५००. मोठ्या माणसात हे नेहमीच्या मर्यादेतच आहे. वाढ झालेली नाही, न्यूट्रोफिल घटलेत. पू करणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल वाढतात, विषमज्वरात आणि डेंगीत एकूण पेशी पुष्कळदा घटतात, जंतांमध्ये इओसिनोफिल वाढू शकतात. प्रत्येकाचं कारण शोधून वहीत लिहा.

डेंगीचा रिपोर्ट समासाची किंमत दाखवतो. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, म्हणून ते तापाच्या पहिल्या दिवसांत सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून “डेंगी नाही” म्हणणं चूक का, ते तुम्हाला आता कोणी सांगायला नको. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था याच आयजीएम तपासणीचे किट देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांना पुरवते.

पण डेंगीतली खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना येतो. रक्तातला विषाणू कमी होत असतो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. डावा रकाना मावळतोय आणि रुग्ण बिघडतोय. शिवाय डेंगीचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर आधीची प्रतिपिंडं नव्या विषाणूला पक्कं अडवू शकत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला तीव्र आजाराची शक्यता वाढते. विडाल या विषमज्वराच्या प्रतिपिंड-चाचणीच्या रिपोर्टबद्दलही एक सांगते: एकाच चाचणीवरून विषमज्वर ठरवणं भरवशाचं नाही. जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही प्रतिपिंडं दिसतात. सात-दहा दिवसांच्या अंतराने पातळी चौपट वाढली तर त्याला अर्थ आहे. रक्तातून जीवाणू वाढवून दाखवणारी ब्लड कल्चर त्याहून पक्की.

पुढचं पान

कॉलरा, क्षय, डेंगी झाले की विष, पेशीतलं राहणं आणि प्रतिपिंडांची उलटलेली बाजू असे तीन वेगळे नमुने तुमच्याकडे असतील. तोवर टोल रिसेप्टर, सायटोकाइन, एमएचसी या प्रकरणांना हात घालू नका असं मी म्हणणार नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द या तीन पानांपैकी कुठे बसतो ते शोधत वाचा. महिनाभर पुरेल एवढं काम आहे.

चौथं पान घटसर्पाचं घ्या, कुणाच्या मदतीशिवाय. एवढीच सुरुवात करून देते: विषाचा जीन जीवाणूचा स्वतःचा नाही, त्याच्यावर वाढणाऱ्या विषाणूकडून आलेला आहे. लस जीवाणूविरुद्ध नाही, विषाविरुद्ध आहे. जीवाणू घशातल्या पांढऱ्या-करड्या पडद्यातच बसलेला असतो, रक्तात सहसा उतरत नाही, आणि तरी मूल हृदय बंद पडून जाऊ शकतं. डाव्या रकान्यातली पहिली ओळ लिहा आणि समासात दिवस टाका.